निळा सोडून

आज सिल्लोडला चित्रकार मित्राकडे गेलो. गडी पत्र्याच्या शेडमध्ये खलबत्त्यात गेरू कुटत बसलेला. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रश तिथूनच हातात आला. वेड मात्र अजिंठ्याचं. तिथल्यासारखाच आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, वर चुन्याचा पातळ हात, अन् सगळं वाळल्यावर डिंकात कालवलेला रंग. (लोक अजिंठ्याला सरसकट फ्रेस्को म्हणतात. फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर करतात हो!)

चित्रात कापूस वेचणाऱ्या बाया, पण डोळे थेट १७ नंबरच्या लेण्यातले.

"निळा कुठंच नाही?" विचारलं.

"तिथला निळा लाजवर्दाचा, तो दगड अफगाणिस्तानाकडून यायचा. आपल्याकडं काळी माती हाय की!"

मग चहा आला. शर्टावरचा गेरू अजून निघाला नाही.