लेकीची झोप आणि करडईचं तेल: माझा अनुभव

आमची लेक आठव्या महिन्यातच झाली. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातल्या घरी आली, तेव्हा दिवसभर गाढ झोपायची आणि रात्री टक्क जागी. आईचं एकच म्हणणं, "तेल लागल्याशिवाय पोरगी अंग धरायची नाही." डॉक्टरांनी वजन जरा वाढू दिलं आणि मगच परवानगी दिली, तीही अटी घालून: नाकाकानात तेल सोडायचं नाही, टाळू दाबायची नाही, मोहरीचं तेल नको, दूध पाजून लगेच मालिश नको.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींच्या हातांखालून आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं गेलेली. त्यांचा हात जड. "रगडल्याबिगर हाडं धरत न्हाईत, बाई," म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, हात तुमचाच राहू द्या, जोर तेवढा कमी करा." त्यांनी मनावर घेतलं आणि मलाही शिकवलं. अगदी वरवर हात फिरवला की बाळ गुदगुल्या झाल्यासारखं अंग चोरतं. मधला, ठाम दाब लागतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांच्या प्रयोगांतही हेच दिसलं. त्यांच्या 1986 च्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालिश केली, तर त्यांचं रोजचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं.

सकाळचं न्हाणं मावशींचं, रात्रीची मालिश माझी, असं आम्ही ठरवलं. रात्रच का? तान्ह्या बाळाला दिवस-रात्र कळत नाही. झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन त्याच्या शरीरात लयीत यायला साधारण तीन महिने लागतात. इस्रायलमधल्या 2002 च्या एका छोट्या अभ्यासात आईने झोपेआधी मालिश केलेल्या बाळांत बाराव्या आठवड्याला रात्रीचं मेलाटोनिन जास्त आढळलं होतं.

तेल मंगळवार पेठेतून आणलं, घाण्याचं करडईचं. आपल्या जिल्ह्याचंच पीक ते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात नवजात बाळांवर झालेल्या 2005 च्या अभ्यासात करडईच्या तेलातली आवश्यक मेदाम्लं कातडीतून रक्तात उतरलेली दिसली, हे वाचून आईला कोण आनंद!

तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, थेंब मनगटावर घेऊन पाहायचा, दिवा मंद करायचा. सुरुवात पायांपासून. तळव्यावर अंगठा फिरवला की तिची बोटं आधी आवळायची, मग एकेक उलगडायची. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात, मग गुडघे हळूच पोटाशी, गॅस सुटायचा. रडू लागली, तोंड फिरवलं की तिथेच थांबायचं. रडत्या बाळाला दाबून धरून तेल चोळणं मला पटत नाही, मग कोणी काहीही म्हणो.

काही आठवड्यांत रात्रीची पहिली झोप लांबली. सगळं श्रेय मालिशीला देणार नाही, ती मोठीही होत होती. मेंदूबद्दल बोलायचं तर इटलीत 2009 मध्ये मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूच्या लहरी आणि नजर लवकर परिपक्व झालेली दिसली. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांबाबत मात्र पुरावा अजून कच्चा आहे. 'मालिश करा, बाळ हुशार होईल' असं सांगून महागडी तेलं विकणाऱ्यांची म्हणूनच मला चीड येते. नवजात बाळाची निम्मी झोप पापण्यांआड डोळे हलणारी असते आणि मेंदूच्या घडणीला ती लागते. म्हणून झोप नीट लागली, हेच मला मोठं वाटतं.

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चढला आणि मानेला घामोळं आलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तेल अगदी थोडं केलं, नंतर कोमट पाण्याने अंग पुसू लागलो. मी कामावर रुजू झाल्यापासून रात्रीची मालिश तिचे बाबा करतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा संथ आहे आणि पाठीची पाळी येईपर्यंत लेक पेंगायला लागते.