हागीचा वाडगा: प्रदर्शनातून घरापर्यंत

क्योटोतल्या एका छोट्या गॅलरीत समकालीन चावानचं प्रदर्शन होतं. चावान म्हणजे माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, पाण्यात घुसळून प्यायचा वाडगा. तिथे बहुतेक हागी होते, म्हणजे जपानातल्या हागी गावच्या परंपरेतले, आणि थोडे राकू, म्हणजे क्योटोच्या कुंभारशैलीतले. वाडग्याशेजारी लाल टिकली दिसली की तो विकला गेला असं समजायचं, म्हणून मी पहिल्या दिवशी दार उघडतानाच पोचले.

संग्रहालयात मध्ये काच असते, इथे विचारलं की हातात देतात. त्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं आणि मंगळसूत्र आत टाकायचं. वाडगा तोंडासमोर उचलायचा नाही, आपणच त्याच्यापाशी वाकायचं. कोपरं टेकवून तो कापडापासून चार बोटं वर धरायचा, एक हात बाजूला आणि एक बुडाखाली. कड पकडून उचलणं वर्ज्य.

रंगावर भाळू नये. मी आधी वजन बघते. डोळ्यांना दणकट वाटलेला वाडगा हातात हलका लागला, तर तो आतून नीट कोरलेला असतो. राकूत हे जास्त जाणवतं, कारण तो चाकावर घडवत नाहीत. हाताने उभारतात आणि जरा सुकला की पात्याने कोरतात. मग आत बघायचं. चासेन, म्हणजे बांबूची रवी, मोकळी फिरायला हवी. तोंड साधारण 12 सेंटीमीटर असलं तरी आत कंगोरा असेल तर रवीच्या काड्या अडकून मोडतात. नव्या कुंभारांचे शिल्पासारखे वाडगे नेमके इथे फसतात. असे दोन मी याच कारणाने परत ठेवले, दिसायला कितीही देखणे असले तरी. शेवटी उलटा करून कोदाई, म्हणजे खालची बैठक बघायची. झिलई बहुधा इथेच थांबते आणि उघडी माती दिसते. हागीत या बैठकीला कित्येकदा खाच कापलेली असते; तो तुटका माल नव्हे.

पैसे दिले म्हणून वाडगा लगेच मिळत नाही, प्रदर्शन संपेपर्यंत तो तिथेच राहतो. पुढे किरीच्या हलक्या लाकडाची पेटी येते, झाकणावर कुंभाराच्या हातचं नाव. ही पेटी हरवली तर किंमत बरीच उतरते. आत पिवळं सुती कापड असतं, त्याला ‘उकोन’ म्हणतात. उकोन म्हणजे आपली हळद! कीड लागू नये म्हणून पूर्वीपासून हळदीत रंगवलेलं कापड वापरतात.

मी घेतलेला हागी वाडगा घरी आल्यावर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी पुसून त्यात कोमट पाणी भरलं, तर तासाभराने टेबलावर बैठकीएवढं ओलं कडं. हागीची माती सैल असते, झिलईला बारीक तडे असतात आणि त्यांतून पाणी पाझरतं. तांदळाच्या धुवणात वाडगा बुडवला, पातेल्याच्या तळाशी फडकं घातलं, गार पाण्यापासून मंद आचेवर अर्धा तास ठेवला आणि त्यातच निवू दिला. पिठूळपणाने छिद्रं बुजतात. एकदा करून भागलं नाही, दुसऱ्यांदा पाझर थांबला. राकूला मात्र हा प्रयोग करू नये. ती माती मऊ भाजलेली असते, तिला कोमट पाण्यात भिजवणं पुरे.

दर वेळी चहाआधी वाडगा कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवते. कोरड्या मातीत चहा थेट मुरतो आणि डाग बसतो. मग 2 ग्रॅम माच्चा, 80 अंशांचं 70 मिलिलिटर पाणी. धुताना साबण नाही. त्याचा वास मातीत राहतो. पेटीत घालण्याआधी उलटा ठेवून तीन-चार दिवस सावलीत वाळवायचा, पुण्याच्या पावसाळ्यात आठवडाभर. जुलैत मी दुसऱ्याच दिवशी पेटी बंद केली होती. उघडली तेव्हा कुबट वास आला आणि बैठकीच्या खाचेत करडी बुरशी धरली होती.