तुम्ही विचारलंत म्हणून: नंबर कितवा आला?

सायकलची बॅग घेऊन मी आमच्या गल्लीत ऑटोतून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, नंबर कितवा आला?" जेवलीस का, गुडघ्याला पट्टी कशाची, हे सगळं मागाहून. 16 वर्षं रोडवर आणि ट्रॅकवर (म्हणजे सायकलसाठीच बांधलेल्या गोल धावपट्टीवर) सायकलच्या शर्यती केल्या, त्यातली शेवटची काही वर्षं त्याच जोरावर पगार घेतला. आता शर्यती सोडल्या, तरी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा आ वासलेला असताना हेच विचारलं. आजवर हसून वेळ मारून नेली. आज सांगून टाकते.

माझ्या सगळ्यात चांगल्या शर्यतीत माझा नंबर 41वा आला. 47 जणींत.

आजीला हे सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हात थांबले. "अगं बाई! इतक्या साऱ्या पोट्ट्या पुढे निघून गेल्या? अन् तू का करून राहिली होती मंग?"

तर मी काय करत होते ते असं. आम्ही जिला मास स्टार्ट म्हणतो, त्या रोडच्या शर्यतीत सगळ्या एकदम सुटतात आणि जी आधी रेघ ओलांडेल ती जिंकते. दिसायला एकटीची शर्यत. आतून मात्र संघाची. कारण सगळं भांडण वाऱ्याशी असतं. ताशी 40च्या वेगात पुढचीच्या चाकामागे वीतभर अंतरावर चिकटून राहिलं तर पाव ते एक तृतीयांश जोर वाचतो. म्हणून संघ एकीला जिंकवायचं ठरवतो आणि बाकीच्या तिच्यापुढे वारा खातात. (नागपुरात फुटाळा तलावावर लोक संध्याकाळी खातात तो वारा वेगळा.) कोणी निसटून पुढे गेली की तिला गाठायचं, पाठीवरच्या खिशांत बाटल्या कोंबून आणायच्या, शेवटच्या 5 किलोमीटरला आपल्या बाईला पुढे आणून सोडायचं आणि बाजूला व्हायचं. युरोपात या कामाला फ्रेंच नाव आहे, डोमेस्टिक. म्हणजे घरगडी. नावात तरी त्यांनी काही लपवलं नाही.

त्या दिवशी शेवटचे 20 किलोमीटर उरले असताना आमच्या बाईचं मागचं चाक पंक्चर झालं. संघाची गाडी कुठल्या कुठे मागे. मी थांबले, माझं मागचं चाक काढून तिला दिलं. दोघींच्या कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, सारख्या होत्या म्हणून जमलं. तिची सीट धरून दहा पावलं धावत ढकललं आणि ती गेली. मग संघाची गाडी येईपर्यंत मी तिचं बसलेलं चाक हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. टरबुजं भरलेल्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "ताई, सोडून देऊ का पुढे?" मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

तिनं गट गाठला आणि स्प्रिंटमध्ये सोनं घेतलं. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे 1, माझ्या नावापुढे 41. चाकाची नोंद करायला त्या कागदावर रकानाच नसतो.

हे न समजणारे फक्त आमच्या गल्लीत नाहीत. 2024च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये डेमी फोलेरिंग पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असताना पाचव्या टप्प्यात, शेवट जवळ आलेला असताना पडली. पुढे गेलेल्या गटात तिच्याच संघाची ब्लांका वास होती; ती पुढेच राहिली आणि तो टप्पा जिंकलीही. फोलेरिंगचा पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ गेला. शेवटी आठ टप्प्यांची ती टूर कासिया निएवियाडोमा जिंकली, फोलेरिंगपेक्षा अवघ्या 4 सेकंदांनी. मी घरी टीव्हीसमोर बसून ओरडत होते, अगं थांब कोणीतरी! आईला वाटलं क्रिकेट चालू आहे.

पण प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही, कारण सरकारही तोच विचारतं. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळायला प्रमाणपत्रावर पदक लागतं. घरगड्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं, "सहभाग". बाबांनी माझ्या प्रमाणपत्रांची फाईल केली होती. पाचव्या वर्षी त्यांनी ती एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि काही न बोलता कपाटात ठेवली. त्या आठवड्यात मी प्रशिक्षकांना सांगितलं, मला ट्रॅकवर जायचंय.

ट्रॅकवर नंबर आपला एकटीचा. घड्याळ सेकंदाचा हजारावा हिस्सा मोजतं आणि तो दुसऱ्या कोणाला देता येत नाही. अडचण एवढीच, की आमच्या नागपुरात ट्रॅक नव्हता. त्यासाठी पुण्याला बालेवाडीला नाहीतर दिल्लीला जायचं. बाकीचे महिने पहाटे साडेचारला काटोल रोड, सात-साडेसातच्या आत परत, आणि मग खोलीत रोलरवर, जागच्या जागी सायकल. मे महिन्यात बाहेर 45, आत कूलरची दमट हवा, खाली घामाचं थारोळं. तर्री पोहे सुटले, हे दुःख वेगळंच. शेवटच्या वर्षांत तर दाराशी 701 किलोमीटरचा गुळगुळीत समृद्धी महामार्ग झाला. त्यावर सायकलला बंदी.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. रोडवर उतार लागला की पाय थांबवायची सवय असते. दिल्लीच्या लाकडी ट्रॅकवर पहिल्याच दिवशी मी सवयीनं पाय थांबवले आणि सायकलनं मला खेचरासारखं उडवलं. मांडीतून लाकडाची कुसळं काढताना डॉक्टर बाई म्हणाल्या, सुतारकाम करता का? वळणावर तो ट्रॅक अंगावर येतो. चाळीस अंशांहून जास्त कललेली भिंतच ती. तिथे घाबरून हळू झालं की चाक घसरतं. वाचायचं असेल तर जोरात चालवायचं. हे अंगात मुरायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

माझी शर्यत परसूट. दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि एकमेकींचा पाठलाग करतात. तेव्हा बायकांना 3 किलोमीटर होते, 250 मीटरच्या ट्रॅकवर 12 फेऱ्या. (2025पासून पुरुषांइतकेच 4 केले. मी सोडल्यावर!) ओरडलेलं नीट ऐकू येत नाही, म्हणून प्रशिक्षक ट्रॅकच्या कडेला उभे राहतात. ठरलेल्या वेळेच्या मागे पडलीस तर रेषेच्या एका बाजूला सरकतात, पुढे असलीस तर दुसऱ्या. आठव्या फेरीनंतर मांड्या पेटतात, डोळ्यांसमोर फक्त काळी रेघ उरते, आणि दर फेरीला तो माणूस दोन पावलं नको त्या बाजूला गेलेला दिसतो. एवढं एकटं मला रोडवर कधीच वाटलं नाही. दोन वर्षं चौथी आले. चौथीला प्रमाणपत्रावर काय मिळतं ते वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या वर्षी तिसरी आले. आजीनं गल्लीभर संत्रा बर्फी वाटली. त्या कांस्यपदकावर नोकरी लागली, पहिल्या पगारात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि फाईल कपाटातून दिवाणखान्यात आली.

पैशांचंही विचारता, म्हणून सांगते. पॅरिस-रुबे ही खडबडीत दगडी रस्त्यांवरची फार जुनी शर्यत. बायकांसाठी ती पहिल्यांदा 2021मध्ये झाली. लिझी डिग्नन जिंकली, हँडलच्या पट्टीला तळहातांचं रक्त लागलेलं. तिला बक्षीस 1,535 युरो. पुरुषांत जिंकणाऱ्याला 30,000. तिथे पहिल्या नंबराची तेव्हा ही गत, तर आमचं काय घेऊन बसलात. नोकरीचा पगार हाच आमचा धंदा.

तरी कोणी खोदून विचारलंच, की सगळ्यात अभिमानाचा नंबर कोणता, तर माझ्या तोंडून 41 निघतं आणि समोरच्याला वाटतं मी नम्रपणा करतेय. नम्रपणा कसला. तिसरा नंबर आला तेव्हा मी हॉटेलच्या खोलीत एकटी रडले होते. 41वा आला त्या रात्री आम्ही सहा जणी एका पलंगावर बसून दोन किलो टरबूज खाल्लं.

त्या बाईच्या लग्नाला गेले होते. स्टेजवर फोटोसाठी उभं असताना नवऱ्याला माझी ओळख करून दिली, "हिनंच मला चाक दिलं होतं." मी म्हटलं, दिलं नव्हतं, उसनं दिलं होतं. ते चाक अजून तिच्याकडेच आहे. तीनदा मागितलं.