क्यूबेकचा कायदा फॉरवर्ड करताय, तर पूर्ण करा

मराठीवरून कुठेही वाद पेटला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. कॅनडात क्यूबेक नावाचा प्रांत आहे, तिथे फ्रेंच नसलेली पाटी लावली की दंड होतो, मग आपण का नाही करायचं? 2025 ला पहिलीपासून हिंदीचा जीआर आला (16 एप्रिलचा, मग 17 जूनचा सुधारित, आणि 29 जूनला दोन्ही रद्द) तेव्हा तर आमच्या प्रत्येक ग्रुपवर तो होता. मेसेज खोटा नाहीये. पण अर्धा आहे, आणि गाळलेला अर्धा भाग आपल्याच घराला लागू होणारा आहे, म्हणून हे लिहितोय.

माझा धंदाच बोर्डचा आहे. फ्लेक्स, एसीपी, अ‍ॅक्रेलिकची अक्षरं, एलईडी सगळं करतो, दुकान नाशिकच्या सातपूरला. त्यामुळे पाट्यांचा कायदा मला तोंडपाठ आहे. मराठी देवनागरीत, आधी, आणि दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक अक्षरात नको. 2022 ला दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही तो लागू झाला आणि 2023 ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, 25 नोव्हेंबरपर्यंत, तेव्हा कॉलेज रोड, गंगापूर रोड, मेन रोड, सगळीकडून ऑर्डरी. मला मनापासून आनंद झाला होता, धंद्याचा झालाच पण डोळ्यांनाही झाला. पण बोर्ड बसवायला आत गेलं की बिल इंग्लिशमध्ये, मेन्यूकार्ड इंग्लिशमध्ये, आणि मालकाचं पोरगं इंग्लिश मिडीयमला. मालक मराठी असला तरी.

क्यूबेकची गोष्ट पाटीपासून सुरू झालीच नाही. 1960 च्या आसपास तिथल्या सगळ्यात मोठ्या शहरात, मॉन्ट्रियलमध्ये, मजूर फ्रेंच आणि साहेब इंग्लिश अशी परिस्थिती होती, मोठ्या दुकानात फ्रेंच बोललं तर सेल्सगर्लला कळायचं नाही, आणि हे अशा प्रांतात जिथे दहातले आठ लोक फ्रेंच. केंद्र सरकारने 1963 ला एक आयोग नेमला, त्याने क्यूबेकमधल्या चौदा समाजांची कमाई तपासली तर फ्रेंच लोक बाराव्या नंबरवर निघाले. स्वतःच्या प्रांतात! मग 1969 ला तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी केंद्रात दोन्ही भाषांना समान दर्जा देणारा कायदा केला, म्हणजे केंद्राच्या ऑफिसात दोन्ही भाषांत सेवा. पण क्यूबेकवाल्यांना ते पुरेसं वाटलं नाही, कारण कारखान्यातला साहेब काही केंद्राच्या ऑफिसात बसत नव्हता.

आणि खरी ठिणगी पडली शाळेवरून. मॉन्ट्रियलला लागून सॅं-लेओनार म्हणून गाव होतं, तिथे इटालियन लोक खूप येऊन राहिले होते, त्यांना मुलं इंग्लिश शाळेत घालायची होती कारण नोकऱ्या इंग्लिशमध्ये. स्थानिक शाळा मंडळाने फक्त फ्रेंच असं ठरवलं आणि 1969 च्या सप्टेंबरमध्ये तिथे रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. फ्रेंच लोकांची भीती सरळ होती, बाहेरून येणारा प्रत्येक माणूस आपलं पोर इंग्लिशमध्ये घालणार असेल तर दोन पिढ्यांत मॉन्ट्रियल आपलं राहणार नाही.

म्हणून 1977 चा कायदा, ज्याला तिकडे 101 नंबरचं बिल म्हणतात, क्यूबेकच्या रेने लेवेस्क यांच्या सरकारने केला, त्यात पाटी हा एक भाग आहे फक्त. गाभा शाळेचा आहे. बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्याच्या मुलांनी फ्रेंच शाळेत जायचं. माझी मावसबहीण मॉन्ट्रियलला आहे, पीआर (तिथे कायम राहायची परवानगी) झाल्यावर तिची मुलगी फ्रेंच शाळेत गेली, आधी नवीन मुलांसाठी वेगळा वर्ग असतो तिथे फ्रेंच शिकवून घेतात आणि मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. म्हणजे सक्ती आहे, पण शिकवायचा खर्च आणि कष्ट सरकारचे. आता ती पोरगी आईला फ्रेंच पत्रं वाचून दाखवते.

आता तो गाळलेला भाग. हा शाळेचा नियम परक्यांना जेवढा आहे तेवढाच फ्रेंच लोकांनाही आहे. ज्यांच्या आईबापांपैकी कोणी कॅनडात इंग्लिशमध्ये शिकलेलं नाही त्या मुलांना सरकारी पैशाच्या इंग्लिश शाळेत प्रवेश नाही. काही फ्रेंच पालक भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आम्हाला आमच्या मुलांना इंग्लिशमध्ये घालायचंय म्हणून, आणि 2005 ला हरले. म्हणजे तिथल्या लोकांनी आधी स्वतःच्या हातापायाला कायदा बांधून घेतला. आपण करू का हे? आपल्याकडे 2020 चा कायदा आहे, सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा, चांगलाच आहे, पण विषय वेगळा आणि माध्यम वेगळं. नाशिकमध्ये मराठी शाळांच्या तुकड्या कमी होतायत त्या काही उत्तर भारतातून आलेल्या कामगारांनी कमी केलेल्या नाहीत. कुसुमाग्रजांच्या गावात 27 फेब्रुवारीला दिंडीत चालणारे आईबाप जूनमध्ये कुठल्या शाळेच्या लाईनीत उभे असतात ते बघा. मी कायद्याने इंग्लिश मिडीयम बंद करा म्हणत नाहीये, सेमी इंग्लिशसारखा मधला रस्ता आपल्याकडे आहे आणि माझी दोन्ही मुलं त्यातच शिकली, मला फक्त एवढं म्हणायचंय की क्यूबेकचं नाव घ्यायचं तर हेही तोंडाने बोला.

दुसरा भाग नोकरीचा. तिथे कामगाराला फ्रेंचमध्ये काम करायचा हक्क आहे, मालकाने लेखी सूचना फ्रेंचमध्ये द्यायच्या, 50 च्या वर कामगार असलेल्या कंपनीला सरकारकडून तसं सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि आता तो आकडा 25 वर आणलाय. हे मला फार लागलं, कारण अंबड-सातपूर एमआयडीसीचे सेफ्टी बोर्ड मी बनवतो. प्रेसमध्ये हात घालू नका, मशिन बंद करून मगच साफ करा, असल्या सूचना, आणि मॅटर येतं इंग्लिशमध्ये, फार तर खाली हिंदी. मशिनवर उभा असतो दिंडोरीचा नाहीतर निफाडचा पोरगा. मी प्रत्येक वेळी सांगतो की मराठी ओळ टाकू, त्याचे पैसे नका देऊ. काही ऐकतात, काही म्हणतात हेड ऑफिसचं फॉरमॅट आहे. दुकानाच्या पाटीवर आंदोलन होतं, या बोर्डवर एकदाही झालेलं मी पाहिलं नाही. बोटं जातात हो तिथे.

क्यूबेकचं सगळंच घ्यावं असं नाही. 1977 नंतर बरेच इंग्लिश लोक आणि कंपन्या टोरंटोकडे गेल्या. 2013 ला तिथल्या भाषा खात्याने एका इटालियन हॉटेलच्या मेन्यूतल्या पास्ता शब्दावर आक्षेप घेतला आणि एवढा गदारोळ झाला की प्रमुखबाईंना पद सोडावं लागलं. 2022 च्या कायद्यात तर, काही अपवाद सोडले तर, नवीन आलेल्या माणसाशी सहा महिन्यांनंतर सरकार फ्रेंचमध्येच बोलणार असं आहे. सहा महिन्यांत कोणाला भाषा येते? रिक्षावाल्याला किंवा वॉचमनला मराठी येत नाही म्हणून थोबाडीत मारून व्हिडिओ टाकणारे तर त्याच्याही पुढे गेले, क्यूबेकच्या कायद्यात मारहाण कुठेच नाही, वर्ग आहेत.

आणि फ्रेंच लोकांनी दुसऱ्या बाजूनेही भोगलंय. मॅनिटोबा प्रांताने 1890 ला फ्रेंचचा दर्जा काढूनच टाकला होता. 1976 ला जॉर्ज फॉरे नावाच्या माणसाला पार्किंगचा दंड झाला, पावती फक्त इंग्लिशमध्ये, तो म्हणाला मला फ्रेंचमध्ये पाहिजे, आणि तेवढ्यावरून केस सुप्रीम कोर्टात जाऊन 1979 ला तो जुना कायदाच बेकायदा ठरला. एका पावतीवरून!

पण याच फ्रेंच लोकांच्या 2022 च्या कायद्याला क्यूबेकमधल्या क्री आणि मोहॉक या आदिवासी लोकांनी विरोध केला, कारण त्यांच्या मुलांना स्वतःची भाषा, वर इंग्लिश, आणि आता त्याच्यावर फ्रेंच. हे वाचल्यावर मला आपला जिल्हाच दिसला. सटाणा-कळवणला अहिराणी, पेठ-सुरगाण्याला आदिवासींची कोकणा बोली. पहिलीच्या पोराला घरची भाषा आधी हवी म्हणून आपण हिंदीचा जीआर मागे घ्यायला लावला आणि बरोबर केलं, मग सुरगाण्याच्या पाड्यावरच्या पोराला पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी समोर येते तेव्हा तोच न्याय लागतो ना? त्या भागात शिकवणारे कोणी शिक्षक हे वाचत असतील तर वर्गात नेमकं कसं करता, कोकणा बोलीत बोलून मराठीकडे आणता की थेट पुस्तक, ते मला सविस्तर लिहा, पुढची पोस्ट त्याच्यावरच करायची आहे.