एका कागदासाठी चार गुरुवार

मुलगा दहावीत. शाळेने दिवाळीनंतर कल चाचणी, म्हणजे मुलाचा ओढा कुठल्या क्षेत्राकडे ते पाहणारी चाचणी, घेतली, तासाभरात उरकली. मोठीच्या वेळी, 2016 ला, बोर्डाने राज्यभर घेतली होती तशीच, म्हणून मी निश्चिंत होते. पण अहवाल हातात यायला चार गुरुवार लागले.

गुरुवारच का? समुपदेशक मॅडम तेवढ्याच दिवशी येतात, 11 ते 1. अहवाल मात्र ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली बाबूंकडे. पहिल्या गुरुवारी बाबू रजेवर. दुसऱ्या गुरुवारी बाबू होते, मॅडम नव्हत्या, आणि मॅडमशिवाय कागद द्यायचा नाही असा नियम निघाला. तिसऱ्या वेळी अर्धी सुट्टी टाकून नागपुरातल्या बर्डीहून धापा टाकत पोचले, तर बाबू म्हणतात, "ताई, काऊन एवढी घाई करून राहिल्या? परीक्षा तर व्हायची आहे नं अजून." मी काही बोलले नाही, फक्त खुर्ची ओढून बसले. पंधरा मिनिटांनी पाकीट मिळालं, पण तोवर मॅडम निघून गेल्या होत्या.

शाळेबाहेर कडुनिंबाखाली उघडलं. वाणिज्य सगळ्यात वर, तांत्रिक तळाला. मला घामच फुटला. घरी मुलाने एक नजर टाकली. "आई, हा माझा नाहीच. माझा हजेरी क्रमांक 17 आहे, हा 'ब' तुकडीतला." नाव आणि आडनाव तेच, वडिलांचं नाव वेगळं. मी रागात तेवढंच वाचलं नव्हतं. तुम्ही तिथेच उभ्याने वाचा.

चौथ्या गुरुवारी एकदाची भेट झाली. मॅडमनी खरा अहवाल बाजूला ठेवून विचारलं, "उन्हाळ्यात काय करतोस?" मार्च लागला की गल्लीतले कूलर याच्याकडेच येतात. तो सुरूच झाला. लोक पंप जळला म्हणून फेकतात, पण निम्म्या वेळा बोअरच्या पाण्याचा क्षार पात्यात अडकलेला असतो, टूथब्रशने घासला की पंप चालतो. घरी हा पोरगा दिवसाला दहा शब्द बोलतो.

मॅडमनी दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि पुढे थेट इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड, हे समजावलं. त्याने एवढंच विचारलं, "डिप्लोमात गणित किती असतं?" "भरपूर." तो गप्प.

वडिलांना सोबत न्या, हे आधीच सांगायला हवं होतं. यांनी तोवर अकरावी सायन्सच्या क्लासचा पहिला हप्ता भरून टाकला होता. आणि जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर लागणार असेल तर आत्ताच सेतू केंद्रात जा, निकालानंतर तिथे उभं राहायला जागा नसते.

निघताना बाबूंना ते 'ब' तुकडीचं पाकीट परत केलं. ते हरवलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या पोराच्या घरून ते मागायला कोणी आलंच नव्हतं.