अळकुड्यांचा हिवाळा

मे महिन्यात शिकागोकडच्या नर्सऱ्यांमध्ये अळू विकायला येतं, एलिफंट इअर या नावाने, झकास कुंडीत, आणि किंमतीचं लेबल वाचलं की मंडईतल्या अळूच्या गड्ड्या आठवून हसूच येतं. इथल्या लोकांसाठी ते बघायचं, खायचं नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, "अगं, मोरीच्या पाण्यावर वाढतं ते, त्याला कसली कुंडी!" आता तिला काय सांगणार, इथे मोरी नाही आणि जानेवारीत जमीन दगडासारखी होते. ३० जानेवारी २०१९ ला तर इथे पारा उणे ३० सेल्सिअसपर्यंत गेला होता, त्यात अळूच काय, माणूसही टिकणं अवघड.

तरी लोक लावतात. अळू, कर्दळ, कॅलेडियम, कोलिअस, सगळी थंडी न सोसणारी मंडळी आणि सगळी फक्त पानांसाठी. ही हौस जुनी आहे. लंडनच्या बॅटरसी पार्कात १८६४ साली जॉन गिब्सन नावाच्या माळ्याने अशी उष्ण देशातल्या झाडांची बागच उभी केली, उन्हाळ्यात केळी आणि कर्दळी बाहेर, थंडी आली की काचघरात. हा बुवा तरुणपणी रोपं गोळा करायला थेट खासी टेकड्यांपर्यंत जाऊन आलेला, म्हणजे ही झाडं मुळात कुठे आणि कशी राहतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझ्याकडे काचघर नाही, बेसमेंट आहे. खरं सांगायचं तर या झाडांचं खरं बागकाम ऑक्टोबरातच असतं, उन्हाळ्यात काय, जुलैचा इथला दमट उकाडा आणि रात्री साडेआठपर्यंतचा उजेड मिळाला की अळू आपलं आपणच छातीएवढं होतं, पाणी तेवढं घालत राहायचं. मग एका सकाळी बघावं तर दहिवर गोठलेलं आणि पानं काळी, उकडल्यासारखी लोंबणारी. पेशींच्या आजूबाजूला बर्फ धरतो, पेशी फुटतात-सुकतात, तो भाग गेला तो गेला. पण मातीखालचा कंद शाबूत असतो. तेव्हा वरचं सगळं वितभर ठेवून छाटायचं, खणून काढायचं, माती झटकून काही दिवस सुकू द्यायचं, आणि पीट मॉस, म्हणजे वाळलेल्या शेवाळाचा भुसा, घातलेल्या खोक्यात बेसमेंटच्या गार कोपऱ्यात, साधारण ७ ते १२ अंशात. फर्नेसजवळ, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीजवळ, ठेवलं तर सुकून खारीक होते, ओलं ठेवलं तर बुळबुळीत. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा हात घालून चाचपायचं, मऊ लागला की टाकून द्यायचा, नाहीतर शेजारच्यालाही नासवतो. कर्दळीलाही हाच कारभार. कॅलेडियम मात्र नाजूक, त्याला पहिल्या गारठ्याच्या आधीच काढावं लागतं आणि जागाही जरा उबदार लागते, १५-१६ अंशांच्या खाली नको.

कोलिअसची मी गय करत नाही. त्याचे दोन-चार शेंडे खुडून पाण्याच्या ग्लासात उभे केले की आठवड्याभरात मुळं फुटतात, मोठं झाड मरू दे खुशाल. क्रोटन घरात आणलं की हीटरच्या कोरड्या हवेत पानं गाळतं वर लाल कोळी धरतं, त्यापेक्षा ते आपल्या गावाकडच्या कुंपणालाच छान दिसतं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे बेसमेंटमध्ये जागा मिळते ती कंदवाल्यांना, बाकीचे मे ते ऑक्टोबर असे पाहुणे.

गौरी-गणपती जवळ आले की मैत्रिणींचे फोन सुरू होतात, वड्यांना पानं आहेत का गं. हिरव्या अळूची देते, तीही चिंच सढळ घाला असं बजावून. ब्लॅक मॅजिक हे काळ्या पानांचं शोभेचं अळू आणि अलोकेशिया हा अळूसारखाच दिसणारा भाऊबंद, यांची मात्र कोणी कितीही लाडीगोडी लावली तरी नाही. अळूचा देठ पानाला पाठीमागून, कडेपासून आत चिकटलेला असतो, आणि थेट खाचेतच देठ दिसला तर ते अलोकेशिया, त्याला हात लावायचा नाही. एकीने विचारलंच, मग एवढं जपून ठेवतेस कशाला, खाता येत नाही तर?

तिला पोर्चवर नेऊन चहा दिला.