लाइट गेली आणि दळण राहिलं

काल राजवाड्याजवळच्या गिरणीत दळण घेऊन गेलो आणि नेमकी लाइट गेली, मग काय, डबा रांगेत ठेवला आणि मोबाइलवर इंग्लंडमधल्या जुन्या पाणचक्क्यांचं वाचत बसलो. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे तिथल्या राजानं करून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, साडेपाच हजारांवर गिरण्या नोंदल्यात! पण चक्की जमीनदाराची, कुळांनी दळण तिथंच न्यायचं आणि वर त्यातला वाटा द्यायचा. सेंट अल्बन्सच्या मठाधिपतीनं तर लोकांच्या घरातली दळायची दगडी जाती जप्त करून आपल्या बैठकीच्या फरशीत बसवली, १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लोकांनी ती उखडून तुकडे वाटून घेतले. आमची आजी असती तर पहिली पहार तिनंच घातली असती. पुढं १८७० नंतर धान्य लोखंडी रुळांत दळणाऱ्या रोलर गिरण्या आल्या आणि गावच्या पाणचक्क्यांची चाकं हळूहळू थांबली. तेवढ्यात लाइट आली, पण माझ्यापुढं अजून सात डबे.